तळाचं पत्र

एकेचाळीस माणसं एका कॉम्प्युटरकडे बघत उभी होती. प्रत्येकाचा डावा हात स्वतःच्या छातीवर, उजवा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. ज्यांचं शेजाऱ्याशी पटत नव्हतं त्यांनी दोन बोटं टेकवून भागवलं होतं. वेळ शनिवारी सकाळी अकराची. जागा म्हणजे लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीचं तळघरातलं ऑफिस. खिडकी एकही नाही, दार एकच, आणि त्या दाराला आतून कुलूप. पंखे बंद. पंख्याच्या वाऱ्याने स्पंदनं विस्कटतात म्हणे. एकेचाळीस जणांच्या घामाने ती विस्कटत नसावीत, कारण घामाबद्दल काही सूचना नव्हती.

बेचाळिसावा मी. याच ऑफिसात मी एकतीस वर्षं आवक विभाग सांभाळला. आलेल्या प्रत्येक पत्राला नंबर द्यायचा, नोंदवहीत चढवायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं, एवढंच ते काम. निवृत्त होऊन सुखाने घरी बसलो होतो, तर परत बोलावणं आलं, तेही 'दीक्षादाता' म्हणून. कॉम्प्युटरसमोर मान खाली घालून बसलेल्या बाईला काम शिकवलं होतं मी. ती माझी धाकटी बहीण. वय चौपन्न. घरात सगळे अजून चिमणीच म्हणतात.

"भगिनी," तिच्या खुर्चीमागून स्पंदनगुरू म्हणाले, "आता हात लावा."

चिमणीने माउसवर हात ठेवला आणि यादीतल्या पहिल्या पत्रावर टिचकी मारली. पडदा क्षणभर थिजला, पांढराफटक पडला, आणि मेलचा प्रोग्राम गपकन बंद झाला. मागे एक छोटी चौकट उरली : 'प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद पडला आहे.'

अनपेक्षित फक्त प्रोग्रामलाच होतं. बाकी एकेचाळीस जणांनी आधीच श्वास रोखून धरला होता, तो त्यांनी एकदम सोडला.

"पाहिलंत?" गुरू म्हणाले. "यंत्र निर्दोष आहे. भगिनीही निर्दोष आहे. दोष दोघांच्या मधल्या हवेत आहे."

हवेला नोटीस देता येत नाही, म्हणून ती माझ्या बहिणीला दिली होती.

झालं होतं ते असं. सात आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी चिमणी नेहमीप्रमाणे साडेनऊला कामावर बसली, तक्रारींची पेटी उघडली, आणि प्रोग्राम क्रॅश झाला. पुन्हा उघडला, पुन्हा क्रॅश. दुपारपर्यंत तेवीस वेळा. शेजारचा लिपिक म्हणाला, "बाई, उठा, मी बघतो." तो बसला आणि यंत्र गाईसारखं गरीब! त्याने वीस पत्रं वाचली, एक शिंक दिली, चहा प्यायला. काही झालं नाही. चिमणी परत बसली. क्रॅश.

कॉम्प्युटर बदलला. क्रॅश. दुसऱ्या टेबलावर बसवलं. क्रॅश. पाचवं यंत्र तर खोक्यातून काढलेलं कोरं होतं, त्याच्या पडद्यावरची पातळ फीतही निघाली नव्हती. चिमणीने त्यावर तक्रारपेटी उघडली, टिचकी मारली, आणि तेही आडवं. ती उठली की कुणीही बसा, सगळं सुरळीत.

संगणक दुरुस्त करणारा आला. खुर्चीत बसला, दहा पत्रं उघडून पाहिली, आणि कागदावर लिहून गेला : 'मशीन ठीक. माणूस बघावा.'

त्या चार शब्दांच्या फटीतून स्पंदनगुरू आत आले.

गुरूंना आणलं साहेबांनी. साहेबांचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनी म्हणे नुसत्या नजरेने चालू केलं होतं. घड्याळ किल्लीचं होतं आणि नजर टाकण्यापूर्वी गुरूंनी ते हातात घेतलं होतं, एवढा तपशील साहेब सांगताना गाळत. गुरू भगवे कपडे वगैरे घालत नसत. अंगात कोट, गळ्यात टाय आणि पायात काहीच नाही, कारण भूसंपर्क. उजव्या अंगठ्यात तांब्याचं जाड वेढणं. बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण दहावी नापास आहोत असं वाटावं. "देहविद्युत उलट फिरली की अणूंना भोवळ येते," असं ते म्हणाले तेव्हा विज्ञान शाखेच्या दोन पदवीधरांनी माना डोलावल्या होत्या.

त्यांनी निदान केलं : या बाईंचं स्पंदन उलटं आहे. मग काय, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. प्रिंटरमध्ये कागद अडकला, चिमणी. साहेबांच्या गाडीचं चाक बसलं, चिमणी. कुणाच्या मुलाचं गणित कच्चं निघालं, तर त्या मुलाचा बाप चिमणीच्या शेजारी बसत होता म्हणून.

"लोखंडी आवरण हवं," गुरू म्हणाले. तळघराच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेली नमुन्याची लिफ्ट होती. चारी बाजूंनी पोलाद, वर एक दिवा, आत आठ मजल्यांची बटणं, आणि कुठेही न जाणारी. चिमणीचं टेबल त्या लिफ्टमध्ये हलवलं. कॉम्प्युटर काढून घेतला. तेव्हापासून माझी बहीण सकाळी साडेनऊ ते साडेपाच त्या पेटीत स्टुलावर बसून होती. जाता-येता लोक हसत नसत, नजर चुकवत. हसले असते तर बरं झालं असतं.

हे मला ती बोलली नाही. मला कळलं ते तिच्या सुनेकडून. सूनबाई जनावरांची डॉक्टर आहे. कुत्री, मांजरं, गाई, एकदा तर एक कासव. एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चपला न काढताच बोलायला लागली.

"मामा, आई लिफ्टनं येत नाहीत. पाच मजले चढतात. दिवा लावायला मला हाक मारतात. मिक्सरला हात लावत नाहीत. मी म्हटलं, असेल लहर. पण काल मी दवाखान्यात असताना छोटीला ताप आला, तर आईंनी थर्मामीटर हातात धरला नाही! शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. मला म्हणतात, माझ्या हातात आकडा चुकीचा आला तर?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी चिडले. ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि हात पदराखाली घेतले. मामा, ते हात पदराखाली घेणं मला बघवेना."

मी त्या रात्री चिमणीला फोन केला. तिने फोन उचलला नाही. फोनही यंत्रच की!

आणि शनिवारी हा सोहळा. आज गुरू शेवटची शुद्धी करणार होते. ती फसली तर सोमवारपासून चिमणी घरी. साहेबांच्या खिशात कागद तयार होता. आणि शुद्धी साधली तर? तर तिच्या मनगटाला तांब्याची तार बांधायची, तारेचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला, आणि निवृत्तीपर्यंतची चार वर्षं तिने तशीच नोकरी करायची. तारेची लांबी दोन हात. पाण्याच्या माठापर्यंत पोचत नव्हती, मी नजरेने मोजली होती.

एक म्हणजे दार बंद, दुसरं म्हणजे दावं. चिमणीने दावं मागितलं होतं.

"घरातलं माणूस पुढे यावं," गुरू म्हणाले. सूनबाई पुढे झाली. गुरूंनी तारेचं एक टोक चिमणीच्या मनगटाला गुंडाळलं आणि दुसरं सुनेच्या हातात दिलं. "कन्ये, तू या घटकेला पृथ्वी आहेस. तार सुटता कामा नये. सुटली तर मी जबाबदार नाही."

"कशाला?" सूनबाईने विचारलं.

"कशालाच," गुरू म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

मग ते यंत्राकडे वळले. प्रोग्राम पुन्हा चालू केला. उजव्या हाताने माउस धरला, डावा हात हवेत फिरवला, आणि सगळे डावा हात बघत असताना पुटपुटले, "शांत हो. मी तुझं कपाळ कुरवाळतो." पडद्यावरच्या यादीला वर एक पट्टी असते, तारीख, नाव, विषय अशी. बाण त्या पट्टीवर गेला आणि एकदा 'टिक' झालं.

"भगिनी, डोळे मिटा. डोळ्यांतून उलट स्पंदन सांडतं. मी हात धरतो."

चिमणीने डोळे मिटले. गुरूंनी तिचं बोट माउसवर दाबलं.

पत्र उघडलं.

प्रोग्राम बंद पडला नाही. दुसरं पत्र उघडलं. तिसरं. एकेचाळीस जणांनी छातीवरचे हात काढून टाळ्या वाजवल्या. साहेबांनी चष्मा पुसला. कुणीतरी "पंखा लावा आता!" असं ओरडलं, त्याला गप्प केलं.

चिमणीने डोळे उघडले. गालांवरून पाणी ओघळत होतं. आणि मग तिने ते केलं जे गेली अठ्ठावीस वर्षं ती पत्र उघडल्यावर करत आली होती. मांडीवरची नोंदवही टेबलावर ठेवली, पेनचं टोपण काढलं, नंबर लिहायला म्हणून पडद्याकडे पाहिलं.

पेन थांबलं.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे पहिलं पत्र नाही."

"काय म्हणाल्या?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हे आज सकाळी आलेलं पत्र आहे. याच्या आधीची तेराशे पत्रं आहेत. हे मी आज कसं चढवू? यादी उलटी झाली आहे."

गुरू हसले. "भगिनी, यादी उलटी नाही, तुम्ही सुलट झालात."

"नाही हो," चिमणी म्हणाली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजाला कणा आला होता. "मी जुनं पत्र वर ठेवते. जे आधी आलं ते आधी. तुम्ही ताजं वर आणलंत. कपाळ कुरवाळलंत ना, तेव्हा."

"तार!" गुरू कडाडले. "तार ढिली पडली असेल! कन्ये, तार घट्ट धर!"

"तार?" सूनबाईने दोन्ही हात वर केले. रिकामे. "ती मी मघाशीच सोडली. तुम्ही डोळे मिटायला सांगितलंत ना, त्याच्याही आधी. ती बघा, खुर्चीखाली लोंबतेय."

बेचाळीस माना खाली वळल्या. तार लोंबत होती. पृथ्वी तिच्यापासून चांगली चार हात लांब उभी होती, आणि तीन पत्रं तरीही उघडली होती.

गुरूंनी घड्याळात पाहिलं. "माझी दुसरीकडे वेळ दिलेली आहे," असं म्हणून ते दाराकडे निघाले.

दारापाशी शिपाई उभा होता. ऑफिसात त्याला सगळे कुलूप म्हणतात, कारण सांगितलेली गोष्ट त्याच्या डोक्यात एकदा बसली की किल्लीशिवाय निघत नाही.

"दार उघड," गुरू म्हणाले.

"विधी संपला का, महाराज?"

"माझ्यापुरता संपला."

"तसं नाही चालायचं. सकाळी तुम्हीच म्हणालात, साहेब जरी आले तरी मधे दार उघडायचं नाही. ऊर्जा गळेल." कुलूपने किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि वर बटण लावलं. "बसा ना. खुर्ची देऊ?"

गुरू बसले. त्या बिनखिडकीच्या खोलीत आता ते चव्वेचाळिसावे कैदी होते.

सूनबाई चिमणीजवळ गेली. तिने मनगटावरची तार सोडवली नाही, आधी नोंदवही मागितली. "आई, तो बंद पडायचा तेव्हा तुम्ही काही लिहून ठेवलंय?"

"सगळं लिहिलंय. ती पद्धतच आहे."

"कुणाची पद्धत?"

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

नोंदवहीत होतं सगळं. मंगळवार, नऊ पस्तीस, बंद. नऊ एकेचाळीस, बंद. पाच कॉम्प्युटर, बासष्ट वेळा. आणि प्रत्येक नोंदीपुढे, बारीक अक्षरात, त्या वेळी कुठल्या पत्राला हात लावला होता ते. बासष्ट वेळा एकच पत्र. विषय : 'लिफ्टमध्ये अडकलो आहे.'

"म्हणजे दुसरं पत्र तुम्ही कधी उघडूनच पाहिलं नाहीत?"

"पहिलं चढल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही," चिमणी म्हणाली. "दादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

खोलीतली सगळी माणसं आता माझ्याकडे बघत होती. मघाशी कॉम्प्युटरला कसं वाटलं असेल ते मला कळलं.

"मामा," सूनबाई म्हणाली, "गेल्या वर्षी माझ्याकडे एक कुत्रा आणला होता. आजीच्या हातून खाल्लं की ओकायचा. सुनेनं घातलं, मुलानं घातलं, काही नाही. घरात सगळे म्हणाले, आजीची नजर. म्हातारी बिचारी कुत्र्याकडे बघेनाशी झाली. मी विचारलं, आजी, खाणं कुठून काढता? तर म्हणाली, डब्याच्या तळातून, बाई, जुनं आधी संपायला नको का? बाकीचे वरचं ताजं घालत होते. तळाला बुरशी आली होती." तिने ऑफिसकडे वळून विचारलं, "तुमच्यापैकी या पेटीतलं सगळ्यात जुनं पत्र आधी कोण वाचतं?"

मग तो शिंकणारा लिपिक म्हणाला, "आम्ही बसल्या बसल्या ताजं वर आणतो आणि वरून वाचतो. तळापर्यंत पोचायला सवड कुठे मिळते?"

"म्हणजे वरून तुम्ही सगळे खात येता आणि तळाला एकट्या आई. पेटी सगळ्यांची एकच, म्हणून कॉम्प्युटर कितीही बदला, तळाचं पत्र तेच. साहेब, या, बसा."

"मी?" साहेब मागे सरकले.

"तुमचं स्पंदन सुलट आहे ना?"

साहेबांनी गुरूंकडे पाहिलं. गुरू कुलपाकडे पाहत होते. साहेब बसले. सूनबाईने सासूला खूण केली. चिमणीने वाकून यादीच्या पट्टीवर बाण नेला, टिक केलं, आणि सगळी यादी उलटली. सगळ्यात वर तेच पत्र आलं.

"मारा टिचकी."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा भीत भीत काहीतरी केलं. पडदा थिजला, पांढरा झाला, गपकन बंद. 'प्रोग्राम अनपेक्षितपणे बंद पडला आहे.'

साहेबांच्या किल्लीच्या घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती.

"आता साहेबांना बसवायचं का लिफ्टमध्ये?" कुलूपने निरागसपणे विचारलं.

त्यानंतर जे झालं ते मी एकतीस वर्षांत ऑफिसात पाहिलं नव्हतं. रांग लागली. प्रत्येकाला स्वतःच्या हाताने क्रॅश करून बघायचं होतं. शिंकणाऱ्या लिपिकाने केला. सेक्रेटरीने केला. विज्ञानाच्या पदवीधरांनी केला, एकाने उजव्या हाताने, दुसऱ्याने डाव्या. कुलूपने तर माउस उलटा धरला आणि तरी केला. प्रत्येक वेळी गपकन, आणि प्रत्येक वेळी हशा. फक्त गुरूंनी नाही म्हटलं. "मी यंत्राला हात लावत नाही."

"कपाळाला लावता," चिमणी म्हणाली.

तेवढ्यात सूनबाईने संगणक दुरुस्त करणाऱ्याला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो मग त्या पत्राला फोटो जोडलेला असणार. पाठवताना अर्ध्यात तुटलेला. तुमचा प्रोग्राम जुना आहे, तुटका फोटो काढायला जातो आणि तोंडघशी पडतो. मेनूत जा, 'फक्त मजकूर दाखवा' अशी खूण असेल, ती करा. मग फोटो काढायच्या भानगडीत पडणारच नाही. सोमवारी येऊन नवा प्रोग्राम घालतो, मग तीही खूण नको."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"त्या पत्राबद्दल मला कुणी बोललंच नाही. आणि मी पण ताजी वर घेऊन वरची दहाच पाहिली."

"म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन," सूनबाई फोन ठेवत म्हणाली. मग सासूकडे वळली. "आई, तुम्हीच करा."

चिमणी खुर्चीत बसली. मनगटावरची तार अजून तशीच होती. तिने ती स्वतः सोडवली, नीट गुंडाळून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. हात माउसच्या वर आला आणि तिथेच थांबला. एक वीत अंतर. मी त्या हाताला पाटीवर अक्षर गिरवताना पाहिलं आहे. पण त्या एका वितीइतका लांब प्रवास त्याने कधी केला नव्हता. सूनबाईने घाई केली नाही. आजारी जनावर उठायला लागलं की त्याला ढकलायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

चिमणीने मेनू उघडला. 'फक्त मजकूर दाखवा'. खूण केली. यादीतल्या पहिल्या पत्रावर आली. टिचकी मारली.

पत्र उघडलं. फोटोच्या जागी रिकामी चौकट, आणि खाली चार ओळी. तिने त्या मोठ्याने वाचल्या, कारण बेचाळीस जण वाकून वाचायला लागले असते तर टेबल मोडलं असतं.

'तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टमध्ये अडकलो आहे. घंटा वाजत नाही. आतूनच लिहितो आहे, लिफ्टच्या नंबराचा फोटो जोडला आहे, पण रेंज येते-जाते. कृपया दिलगिरी पाठवू नये, माणूस पाठवावा. मी सातव्या मजल्यावर राहतो, गुडघ्यांमुळे जिना उतरता येत नाही.'

खाली फोन नंबर. तारीख नऊ आठवड्यांपूर्वीची.

साहेबांचा चेहरा पडला. चिमणीने आधी नोंदवहीत नंबर लिहिला, मग टेबलावरचा फोन उचलला. फोनही यंत्रच, पण उचलला.

"आजोबा, लिफ्टच्या कंपनीतून बोलते. तुमचं पत्र मिळालं. अडकल्याचं."

पलीकडून म्हातारा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. बहिऱ्या माणसांचा आवाज मोठा असतो. "अहो बाई, त्यातनं मी त्याच दिवशी सुटलो! दूधवाल्यानं दार उचकटलं."

"बरं झालं. मग आता..."

"आता काय! तेव्हापासून घरात आहे. लिफ्ट चालते, लोक जातात-येतात, मधेच थांबते, पुन्हा चालते. मला काही त्या पेटीत पाय ठेवायचा धीर होत नाही. नऊ आठवडे झाले, जमिनीला पाय लागला नाही."

चिमणीने वळून पाहिलं. तिच्या मागेच ती नमुन्याची लिफ्ट होती, आत स्टूल.

"मी येते," ती म्हणाली. "मेकॅनिकला घेऊन, आजच."

कुलूपने मग साहेबांना विचारून दार उघडलं. सगळ्यात आधी बाहेर पडले ते गुरू, अनवाणी, भूसंपर्कात. जाताना तार विसरले. साहेबांनी खिशातला कागद काढला आणि फाडला. माफी मागताना ते म्हणाले, "बाई, आम्ही सगळे डोळ्यांनी बघत होतो हो. तुम्ही बसला की बंद पडायचा." चिमणी म्हणाली, "ते खरंच होतं, साहेब. बंद पडायचा." आणि पर्स उचलून निघाली.

लोकांनी जे पाहिलं ते खोटं नव्हतं, ही त्यातली मेख आहे. डोळे फसले नव्हते. बासष्ट वेळा घडलेली गोष्ट बासष्ट वेळा दिसली होती. चुकलं ते त्याच्या पुढे. 'हिच्याच हातून का होतं?' हा प्रश्न चांगला होता, पण 'ही काय वेगळं करते?' असं विचारायच्या ऐवजी 'ही कोण आहे?' असं विचारलं गेलं. गुरूंना ते पत्र ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. यादी उलटली की यंत्र गप्प बसतं, एवढं त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. दोन मिनिटांच्या कामाला गुरू लागत नाही, म्हणून त्यांनी त्याचे सात आठवडे केले. आणि माझा नियम? तो मी आता थोडा दुरुस्त करून सांगतो : पहिलं पत्र उघडत नसेल, तर दुसरं उघडून बघा. सलग दोनदा तेच झालं तर तिसऱ्यांदा काहीतरी बदलून बघा. हात जोडायचे असतील तर मागाहून जोडा, आधी ते वापरा. आणि कुणाला पेटीत बसवण्यापूर्वी त्याची नोंदवही तरी मागा.

त्या इमारतीत मीही गेलो होतो. दीक्षादाता होतो ना! मेकॅनिकने तिसऱ्या मजल्याच्या दाराचा झिजलेला खटका बदलला, घंटेची तार जोडली, चार फेऱ्या मारून पाहिल्या. मग चिमणी आणि मी सातव्या मजल्यावर गेलो, जिन्याने नव्हे; बटण मी दाबलं. आजोबा दारात काठी घेऊन उभे होते, बूट घालून. बूट बहुधा फोन ठेवल्यापासूनच घातलेले होते.

"तुम्ही आधी शिरा," ते म्हणाले.

चिमणी शिरली. आजोबा तिच्या मागून, तिचा दंड धरून. दार बंद झालं. आत आम्ही तिघं आणि भिंतीवर आठ बटणं.

"दाबताय ना?" आजोबांनी विचारलं.

चिमणीने पदराखालून हात काढला आणि तळमजल्याचं बटण दाबलं.